उजेडाचा हिशोब : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात एक्स्पोजरवर, म्हणजे फोटोसाठी कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा यावर, प्रश्न पाठवा, असं लिहिलं होतं. आलेली निम्मी पत्रं कॅमेऱ्याच्या मॉडेलने सुरू होतात. आमच्या कराडच्या स्टुडिओतही तेच चालतं. गिऱ्हाईक बिघडलेला फोटो दाखवतं आणि आधी मशीनचं नाव सांगतं. उजेड कुठून पडत होता हे विचारलं की डोकं खाजवायला लागतं. म्हणून या खेपेला ज्यांनी प्रसंग नीट सांगितलाय अशीच पत्रं घेतली आहेत. मॉडेलची नावं गाळली, कारण उत्तरात त्यांचा काही उपयोग नव्हता.

प्रश्न : मी फलटण तालुक्यात शिक्षक आहे. चांदोबाच्या लिंबाला माउलींच्या पालखीचं उभं रिंगण टिपायला गेलो होतो. आभाळ भरलेलं, समोर पांढरे सदरे, धोतरं, टोप्या. फोटोत ते सगळं पांढरं मळकट, राखेच्या रंगाचं आलं आणि चेहरे तर पार काळवंडले. कॅमेरा ऑटोवर होता. सर्व्हिस सेंटरला दाखवू का?

सर, हेलपाटा वाचवा. कॅमेरा ठणठणीत आहे.

कॅमेऱ्यातला मीटर समोरच्या वस्तूंवरून परत येणारा उजेड मोजतो. समोर वारकऱ्यांची दिंडी आहे की कोळशाची वखार, हे त्याला कळत नाही. नवे कॅमेरे चेहरे ओळखतात, पण हजारोंच्या गर्दीत त्यांचाही अंदाज चुकतो. मग मीटर एक गोष्ट धरून चालतो : समोर जे काही आहे त्याची सरासरी मध्यम राखाडी असणार. पडलेल्या उजेडाच्या साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारा राखाडी. त्या छटेचं पुठ्ठ्याचं कार्ड मिळतं, त्याला ग्रे कार्ड म्हणतात; जुन्या स्टुडिओंतून ते कपाटाच्या मागे कुठेतरी सापडेलच. धुतलेला पांढरा सदरा याच्या चौपटीहून जास्त उजेड परत फेकतो. मीटरला वाटतं, बापरे, किती हा उजेड! तो एक्स्पोजर कमी करतो आणि सदरा राखाडी होतो. चेहरे मुळातच सदऱ्यापेक्षा गडद, ते आणखी खाली जातात.

पटत नसेल तर घरीच बघा. दारातल्या सावलीत पांढरी चादर टांगा, शेजारी काळी घोंगडी. कॅमेरा ऑटोवरच ठेवा, फ्लॅश बंद. आधी फक्त चादर फ्रेमभर घेऊन फोटो काढा, मग फक्त घोंगडी. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर चादर कुठली आणि घोंगडी कुठली हे विणीवरूनच ओळखावं लागेल. मीटरने एकीला खाली ओढलं आणि दुसरीला वर चढवलं. वर्गातल्या मुलांकडून हे करून घेतलंत तर विज्ञानाचा एक तास सत्कारणी लागेल.

उपाय बोटाखालीच आहे. कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्हाचं एक बटण किंवा चक्र असतं, ते एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. पांढरंच पांढरं समोर असेल तर ते अधिक १ वर न्या (हा एक स्टॉप, म्हणजे उजेड दुप्पट; उणे १ म्हणजे निम्मा), पुरलं नाही तर अधिक १.३ किंवा १.७ पर्यंत. काळ्या घोंगड्यांचा ढीग असेल तर उणे. मीटर ज्या बाजूला चुकतो त्याच्या उलट बाजूला आपण ढकलायचं, एवढंच.

आता ढगाळ हवेत हे सोपं जातं, कारण आभाळ म्हणजे एक अवाढव्य दिवाच असतो आणि सावल्या मऊ पडतात. ऊन पडलं की तंटा सुरू होतो. पांढऱ्या पागोट्याखाली रापलेला चेहरा, पागोट्यावर लख्ख ऊन आणि डोळ्यांवर त्याची सावली. दोन्ही एका फोटोत जसंच्या तसं मावणार नाही. कुणाला झुकतं माप द्यायचं ते तुम्ही ठरवायचं. मी चेहऱ्याला देतो, पण एका अटीवर : पागोट्याचे पीळ दिसले पाहिजेत. फोटो काढल्यावर पडद्यावर जिथे उजेड हाताबाहेर गेला तो भाग लुकलुकतो, अशी सोय मेनूत असते. ती चालू ठेवा. पागोट्याच्या कडेला थोडं लुकलुकलं तर दुर्लक्ष करा. अख्खं पागोटं लुकलुकायला लागलं तर स्टॉपच्या तिसऱ्या हिश्शाने खाली या.

निगेटिव्हच्या काळात आम्ही उलटं वागायचो. रंगीत निगेटिव्हला उजेड थोडा जास्त झाला तरी ती पचवायची, कमी झाला की फोटो चिखलासारखा यायचा. डिजिटलमध्ये काळ्यातून बरंच काही वर काढता येतं, पण जो पांढरा एकदा फटक झाला तिथे माहितीच उरत नाही. संगणकावर कितीही घासा, तिथे धागा दिसणार नाही.

स्पॉट मीटर, म्हणजे फ्रेममधला एक छोटा ठिपकाच मोजणारा मीटर, चेहऱ्यावर धरायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. धरा, पण लक्षात ठेवा की सावळ्या चेहऱ्यालाही मीटर उजळून राखाडीवरच आणू पाहतो. एवढ्या लांबून चालत आलेल्या माणसाला उगाच गोरा करण्यात मला तरी काही गंमत वाटत नाही. अर्धा-पाऊण स्टॉप खाली ठेवा.

आणि अश्व धावतानाचे फोटो हलले असतील तर ती भानगड वेगळी. तिथे शटर १/१००० हवं, म्हणजे ते सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतंच उघडलं पाहिजे. भरलेल्या आभाळाखाली त्यासाठी अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) एफ ४ च्या आसपास आणि आयएसओ (आत आलेला उजेड कॅमेरा किती वाढवून दाखवतो ते) ८०० लागेल, आभाळ फारच दाटलं तर १६००. अश्व येण्याआधी हे लावून ठेवा. आल्यावर वेळ मिळत नाही.

प्रश्न : मी डोंबिवलीला राहते, गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेते. फोटो फोनवरच काढते. ओट्यावर ट्यूबखाली काढला तर मोदक पिवळट आणि सपाट दिसतात, फ्लॅश लावला तर कळ्याच गायब. हाताला सुबक कळ्या पडतात, पण फोटोत त्या कुणाला दिसतच नाहीत.

ताई, तुमचा मोदक हा शिकवायला फार चांगला विषय आहे. पांढऱ्यावर पांढरं, आणि त्याची सगळी शोभा कळ्यांत. कळी दिसते ती सावलीमुळे : तिचा एक उतार उजळ, दुसरा किंचित काळा. फोनचा फ्लॅश लेन्सच्या शेजारीच असतो. तो समोरून उजेड मारतो, दोन्ही उतार सारखेच उजळतात आणि सावली मोदकाच्या मागे जाऊन पडते. मोदक म्हणजे पांढरा गोळा दिसायला लागतो.

म्हणून उजेड बाजूने हवा. घरातली अशी खिडकी निवडा जिच्यातून थेट ऊन येत नाही. ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा, पडदा नसेल तर पांढरी ओढणी चालते. ताटली खिडकीपासून हातभर अंतरावर ठेवा. तुम्ही अशा बसा की खिडकी तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला येईल, थोडीशी मोदकाच्या मागच्या अंगाला. आणि घरातले सगळे दिवे बंद. याला घरातले लोक कुरकुरतील, पण ट्यूब आणि खिडकी यांचे रंग वेगळे असतात. दोन्ही एकत्र पडले तर मोदकाची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळट येते. फोन एका वेळी एकाच उजेडाचा रंग दुरुस्त करू शकतो.

आता खिडकीच्या विरुद्ध बाजू काळी पडेल. तिथे थर्मोकोलचा तुकडा उभा करा. सिनेमाच्या सेटवरही उजेड परतवायला थर्मोकोलच धरतात, त्यामुळे कमीपणा मानू नका. थर्मोकोल जवळ आणला की सावली भरते, दूर नेला की गडद होते. कळ्या डोळ्यांना नीट दिसतील अशा जागी तो थांबवा. कळ्या तरीही फिक्या वाटल्या तर थर्मोकोल काढून तिथे काळा कार्डशीट ठेवा. दोन-तीन मिनिटांचं काम आहे, आणि फरक तुम्हाला फोटो काढण्याआधीच दिसेल.

फोनमध्ये अ‍ॅपर्चर बहुतेक ठिकाणी बदलता येत नाही, त्यामुळे तो शटर आणि आयएसओवरच खेळतो. तुम्ही मोदकावर बोट टेकवा, शेजारी सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी येते, ती वर-खाली करा. केळीचं पान खाली असेल आणि फ्रेममध्ये पानच जास्त असेल तर पान गडद असल्यामुळे फोन मोदक जास्त उजळवेल. पट्टी थोडी खाली. पांढऱ्या ताटलीत मोदकच मोदक असतील तर वर. बोट दाबून धरलं तर बऱ्याच फोनमध्ये ते माप कुलूपबंद होतं, मग मोदक इकडेतिकडे हलवले तरी एक्स्पोजर बदलत नाही.

वाफ दाखवायची असेल तर उजेड मागून आणि पार्श्वभूमी गडद हवी, नाहीतर वाफ आहे हे तुम्हालाच ठाऊक राहील. आणि हो, फोटो काढण्याआधी लेन्स सुती कापडाने पुसा. स्वयंपाकघरातल्या फोनच्या लेन्सवर तुपाचा हात लागलेला असतोच. निम्म्या वेळा ‘फोटो धुरकट येतो’ या तक्रारीचं कारण तेवढंच निघतं.

प्रश्न : लातूरला कॉलेजात आहे. मामाने जुना डीएसएलआर दिला. अ‍ॅपर्चरचा आकडा वाढवला की उजेड कमी होतो, हे उलटं का? आणि अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ तिन्ही मिळून किती ठेवायचे याचा काही तक्ता मिळेल का?

उलटं नाही रे. एफ ४ म्हणजे लेन्सचं भोक तिच्या फोकल लेंग्थच्या (लेन्सवर मिमीत लिहिलेला आकडा) चौथ्या भागाएवढं, एफ ८ म्हणजे आठव्या. चतकोर भाकरी मोठी की नितकोर? तुझी लेन्स ५० मिमीची असेल तर एफ ४ ला भोक १२.५ मिमी रुंद, एफ ८ ला ६.२५ मिमी. रुंदी निम्मी झाली की क्षेत्रफळ चौथाई होतं, म्हणून एफ ८ ला एफ ४ च्या एक चतुर्थांश उजेड आत जातो. निम्म्यानिम्म्याने उतरणारी मालिका अशी : १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. एकेक पायरी म्हणजे एक स्टॉप. एकाआड एक आकडे दुप्पट होतात, हे ध्यानात आलं की पाठांतर करावं लागत नाही.

शटरमध्ये तर सरळच आहे : १/१२५ च्या निम्मा वेळ १/२५०. आयएसओ १०० चा २०० केला की एक स्टॉप. म्हणून एफ ८ ला १/१२५, एफ ४ ला १/५०० आणि एफ १६ ला १/३० या तिन्हींत उजेड सारखाच, पण फोटो तीन वेगळे. एफ ४ ला मागचं धूसर होईल आणि पळणारं पोर गोठेल. एफ १६ ला मागचं झाड स्पष्ट येईल, पण पोर मात्र हलेल. तेव्हा आधी ठरव, काय गोठवायचंय आणि किती खोलवर स्पष्ट हवंय. दोन आकडे त्यातून येतात, तिसरा आपोआप उरतो.

तक्ता मागतोयस तर एकच ओळ देतो. निरभ्र आकाश, दुपारचं लख्ख ऊन, विषय उन्हात : एफ १६, आणि शटर म्हणजे एक भागिले आयएसओ. आयएसओ १०० असेल तर १/१२५ लाव, जवळपास बसतं. ढगाळ झालं की एफ ८, दाट ढगांत ५.६. लातूरच्या एप्रिलमधल्या उन्हाला हा नियम अगदी लागू पडतो. मीटर न बघता आधी अंदाज बांध, मग मीटर काय म्हणतो ते बघ. ही सवय लागली की मीटर कुठे फसतोय हे तुलाच कळायला लागेल.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या देखाव्याच्या फोटोंत आडवे काळे पट्टे येतात. डोळ्यांना तर दिवे एकसारखे दिसतात. — पुण्याचा एक कार्यकर्ता

एलईडीचा प्रताप. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण १/१००० सारखं जलद शटर फ्रेम वरून खाली वाचत जाताना मधल्या अंधाऱ्या क्षणांचे पट्टे पकडतं. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. नव्या कॅमेऱ्यांत अँटी-फ्लिकरची सोय असते, ती चालू करा. काही रंगीत दिवे वेगळ्याच गतीने लुकलुकतात, तिथे शटर थोडं थोडं बदलत पट्टा जाईपर्यंत बघायचं. नाहीच गेला तर दिवेवाल्याला सांगून मूर्तीवर एखादा साधा हॅलोजन लावून घ्या. मूर्तीचा चेहराही त्यात जास्त जिवंत दिसतो.

प्रश्न : निवृत्त बँक अधिकारी, नाशिक. कोजागिरीचा चंद्र गच्चीवरून टिपला. चंद्र म्हणजे पांढरं भोक आलं आणि आजूबाजूचं आभाळ राखाडी. ट्रायपॉड होता, १० सेकंद शटर दिलं होतं.

काका, रात्र आहे म्हणून तुम्ही १० सेकंद दिलेत. पण चंद्रावर त्या वेळी दिवस असतो, चांगलं ऊन पडलेलं असतं. त्याची जमीनही डांबरी रस्त्याइतकी गडद, पडलेल्या उजेडाच्या १२ टक्क्यांच्या आसपासच परत फेकणारी. म्हणून पूर्ण चंद्राला उन्हातल्या रस्त्यासारखंच माप लागतं : आयएसओ १००, एफ ११, १/१२५. डोक्यावर आलेल्या चंद्राला हे चपखल बसतं. क्षितिजाजवळ असताना हवेचा थर मध्ये येतो, तेव्हा एक-दोन स्टॉप जास्त द्या. मीटरचं ऐकू नका. फ्रेमभर काळं आभाळ बघून तो सगळं उजळायला धावतो.

या मापावर चंद्रावरचे डाग दिसतील, पण गच्ची, दुधाचं पातेलं, माणसं सगळी काळी ठिक्कर. दोन्ही हवं असेल तर कोजागिरीच्या आदल्या संध्याकाळी चंद्र टिपा. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, आदल्या दिवशी त्याआधी साधारण पाऊण तास. त्या वेळी जमिनीवर अजून उजेड असतो आणि दोन्हींतली तफावत कॅमेऱ्याच्या आवाक्यात येते. गोलाईत पडलेला फरक कुणाच्या लक्षात येत नाही. २०० मिमी लेन्सनेही चंद्र सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या पट्टीवर) जेमतेम २ मिमीचा उमटतो, तेव्हा चंद्र मोठा दिसावा म्हणून गच्ची लांबून, दुसऱ्या इमारतीवरून घ्यावी लागेल. शेजाऱ्यांशी संबंध चांगले असतील तर बघा.

प्रश्न : सांगलीत लग्नाची कामं नुकतीच घ्यायला लागलोय. सिनियर म्हणतात आयएसओ ४०० च्या वर जायचं नाही, दाणे येतात. पण हॉलमध्ये फोटो हलतात, नाहीतर अंडर (काळपट) येतात. फ्लॅश मारला तर नवरीच्या मुंडावळ्या आणि जर पांढरी फटक होते.

सिनियरांनी काम शिकलं त्या काळातल्या डिजिटल कॅमेऱ्यांना ते लागू होतं. ८०० च्या पुढे खरंच रंगीत दाणे पडायचे. आजच्या सेन्सरवर ३२०० बिनधास्त लावा.

दाणे मुळात कशाने येतात ते बघा. आयएसओ वाढवून उजेड वाढत नाही, जेवढा आत आला तेवढ्याला कॅमेरा वाढवून दाखवतो. उजेडच कमी आला की दाणे दिसणार. तुम्ही ४०० वर अंडर फोटो काढून रात्री संगणकावर तीन स्टॉप वर ओढता, तेव्हा दाणे ३२०० इतकेच किंवा त्याहून वाईट येतात, सावलीत पट्टे येतात ते वेगळेच. छापलेल्या अल्बमात दाणे कुणी शोधत बसत नाही. अंतरपाट खाली जाताना नवरीची मान हलली आणि चेहरा पुसट झाला, तर मात्र तिची आई तुम्हाला जन्मभर लक्षात ठेवेल.

साध्या उजेडाच्या हॉलमध्ये आयएसओ ३२००, एफ २.८, १/२५० असं सुरू करा. अक्षता हवेत गोठवायच्या तर १/५०० आणि आयएसओ ६४००. ग्रुपला एफ ४ किंवा ५.६, नाहीतर मागच्या रांगेतले काका-मावश्या धूसर होतात. पण ग्रुप उभा असतो, तिथे १/१२५ वर भागतं. फाइल रॉमध्ये घ्या, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती तशीच साठते. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. पैठणीच्या जरीचा पोत परत आणायला त्या कामी येतात.

फ्लॅश तोंडावर मारू नका. मुंडावळ्यांचा प्रत्येक मोती आणि जरीची प्रत्येक तार तो उजेड सरळ लेन्समध्ये परत पाठवते, म्हणून फटक होते. फ्लॅशचं डोकं वर फिरवून स्लॅबवर मारा, स्लॅब पांढरा आणि दहा-बारा फुटांवर असेल तर. अख्खा स्लॅब दिवा होतो, उजेड मऊ उतरतो. डोळ्यांखाली सावली पडली तर डोकं किंचित मागे, तुमच्या पाठीमागच्या भिंतीकडे वळवा. फ्लॅशचा जोर आधी निम्म्यावर ठेवून एक टेस्ट काढा, मुंडावळ्यांवर झूम करून मोती सुटे दिसतात का ते बघा, मग विधी सुरू होऊ द्या.

मंडपाला वरून लाल-पिवळं साटिन लावलेलं असेल तर फ्लॅश वर मारून उजेड परतवणं (बाऊन्स) नकोच. फ्लॅशचा उजेड त्या कापडाचा रंग घेऊन खाली येतो आणि नवरानवरी दोघंही हळदीऐवजी कुंकवात न्हालेली दिसतात. तिथे भावाच्या हातात पांढरी छत्री आणि दुसरा फ्लॅश देऊन बाजूला उभं करा. भाऊ नसेल तर नवरदेवाचा एखादा मित्र मिळतोच. जेवणाच्या पंगतीआधी तेवढं काम तो आनंदाने करतो.